लाइफ मागता मागता गिऱ्हाईकं तुटली: वडगावातल्या एका काकूंच्या गेमचं प्रकरण

प्रकरण वडगावचं आहे, म्हणजे आमच्या बेळगावातलं वडगाव, विणकरांच्या मागांचं. बाई पन्नाशीच्या पुढच्या, घरातच शिवणकाम करतात, ब्लाऊज, फॉल-पिको, लहान मुलींची परकर-पोलकी, आणि हाताला फिनिशिंग चांगलं म्हणून टिळकवाडी-अनगोळकडनं पण बायका त्यांच्याकडे येतात. त्यांना विचारूनच लिहितोय, पण नाव नको म्हणाल्या, म्हणून इथं नुसतं काकू. माझं शहापुरात मोबाईल रिपेअरचं दुकान आहे. डिस्प्ले, चार्जिंग पिन, बॅटरी असलं काम, पण अर्धी माणसं त्यासाठी येतच नाहीत, "फोनमध्ये कायतरी येऊलालंय ते बंद कर" म्हणून येतात. काकू तशाच आल्या. दिवस मंगाईच्या जत्रेच्या आधीचे, शिवणाऱ्या बायकांना डोकं वर काढायला फुरसत नसते ते, आणि त्या मशीन सोडून दुकानात आल्या.

तक्रार एकच होती, फोन हॅक झालाय. "बघ की गा जरा, माझ्या नावानं कोणतरी सगळ्यांना मेसेज पाठवूलालंय, गिऱ्हाईकं माझ्यावर चिडूलाल्यात." हॅक बिक काही झालं नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये एक रंगीत गोट्या जुळवायचा गेम होता, फुकटचा, जाहिरात बघून घेतलेला, तो त्यांनी सोशल मीडियाच्या खात्याला जोडला होता कारण जोडलं की नाणी मिळतात असं स्क्रीनवर आलं होतं. आणि त्या खात्यावर त्यांचे मित्र म्हणजे कोण, तर गिऱ्हाईकंच. ब्लाऊजच्या गळ्यांचे फोटो टाकायला पोरानं ते खातं काढून दिलं होतं, पाठीचे डिझाईन, लटकन, पॅचवर्क, ते बघून बायका जोडल्या जात गेल्या. दोनशेच्या आसपास लोक होते, त्यात घरचे, माहेरचे नातेवाईक सोडले तर बाकी सगळा धंद्याचा गोतावळा. त्या सगळ्यांना गेम त्यांच्या नावानं लाइफ, म्हणजे हरल्यावर परत खेळायची संधी, मागत होता, आमंत्रण पाठवत होता, आणि परत पाठवत होता.

आता हे जातं कसं ते नीट सांगतो, कारण काकूंच्या पोरानं पहिल्यांदा काय म्हटलं असेल तर "आईच कुठंतरी दाबत्या". दाबत होत्या हे खरंच आहे. पण कुठं दाबत होत्या ते बघायला मी त्यांना म्हटलं काकू माझ्यासमोर खेळा जरा, जशा घरी खेळता तशा. लेव्हल जिंकली की खाली मधोमध हिरवं मोठं बटण येतं, ते दाबलं की पुढची लेव्हल. चार-पाच वेळा तसंच. मग एकदा जिंकल्यावर दुसरीच खिडकी आली, त्यात मित्रांचे गोल गोल फोटो, प्रत्येकाच्या फोटोवर बरोबरची खूण आधीच मारलेली, आणि खाली त्याच जागी, त्याच रंगाचं, त्याच मापाचं हिरवं बटण. फरक एवढाच की आता ते पुढच्या लेव्हलचं नव्हतं, सगळ्यांना पाठवण्याचं होतं. बंद करायची फुली वरच्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर फिकट राखाडी, काकूंच्या चष्म्यातनं ती दिसतच नव्हती, मला पण शोधायला लागली. काकूंचा अंगठा सवयीनं हिरव्यावर गेला आणि गेले मेसेज. वर सगळं इंग्रजीत. काकू मराठी वाचतात, कन्नड बोलतात आणि बसची पाटी वाचण्याइतपत वाचतात, इंग्रजीतलं ओके आणि नेक्स्ट ओळखतात. ती खिडकी त्यांना काय विचारते हे त्यांना एकदाही कळलेलं नव्हतं.

हे बघितल्यावर "आईच दाबत्या" हे वाक्य मला सहन होत नाही. जागा सारखी, रंग सारखा, खुणा आधीच मारलेल्या, हे चुकून होत नसतं. कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं की अंगठा कुठं पडतो ते.

पैशाचं मात्र काकूंनी आधी सांगितलंच नाही. मी प्ले स्टोअरमध्ये दुसरंच काहीतरी बघत होतो, पेमेंटच्या पानावर गेलो तर खरेदीची यादी निघाली. २९ रुपये, ८९, ८९, १७९, ८९, एकदा ४४९. चार-साडेचार महिन्यांत मिळून ६,३०० च्या वर. त्या खुर्चीत गप्प झाल्या. साधा ब्लाऊज त्या २०० रुपयांत शिवून देतात, म्हणजे तीस-बत्तीस ब्लाऊजची शिलाई, त्यातलं सूत, हूक, लाईट बिल वेगळंच. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

इथं मला एक गोष्ट खटकली म्हणून मी दोन याद्या शेजारी ठेवून बघितल्या, एक खरेदीची आणि एक गिऱ्हाइकांच्या मेसेजची. गेम त्या पैसे भरायच्या आधी दोन-अडीच महिने खेळत होत्या आणि तोपर्यंत एक रुपया गेलेला नव्हता. मग एका टिळकवाडीच्या बाईचा मेसेज, "काकू हे रोज रोज काय पाठवताय, ऑफिसमध्ये असते मी, प्लीज बंद करा". त्याच्या तिसऱ्या दिवशी पहिले २९ रुपये. मग अजून एकीचा, जरा तिखट. त्याच आठवड्यात ८९. काकूंना विचारलं तर त्यांनी जे सांगितलं ते मला ह्या सगळ्या प्रकरणाचं मूळ वाटतं. म्हणाल्या, "मागायची लाज वाटायला लागली बघ. पुढं जायचं तर तिघांनी मदत करायला पायजे म्हणतंय, नाहीतर तीन दिवस थांब म्हणतंय, नाहीतर पैसे. मग म्हटलं कुणाच्या तोंडाकडं कशाला बघायचं, भरूया की."

म्हणजे बघा. आधी गेमनं त्यांच्या हातनं लोकांना त्रास दिला, त्या त्रासाची लाज काकूंना वाटली, आणि त्या लाजेतनं सुटायचा रस्ता गेमनं ८९ रुपयांना विकला. आपण सगळे हे दोन वेगळे विषय धरतो, रिक्वेस्टचा वैताग एक आणि पैसे काढणं दुसरं. रिक्वेस्टवर चिडणारे लोक पाठवणाऱ्याला ब्लॉक करतात, पैशावर चिडणारे घरचे लोक खेळणाऱ्याला शिव्या घालतात. पण दोन्ही एकाच यंत्राचे दोन दात आहेत. लाइफ मागणं जितकं लाजिरवाणं तितकं विकत घेणं सोपं वाटणार, त्यामुळे रिक्वेस्टचा त्रास कमी करण्यात गेमवाल्याचा काही फायदाच नाही. पाठवली आणि नवीन माणूस आला तर फुकटची जाहिरात झाली, पाठवली आणि लोक चिडले तर जुनं माणूस पैसे भरायला लागलं. दोन्हीकडनं त्याचंच.

हे आजचं नाहीच. २००९ च्या जूनमध्ये झिंगा कंपनीचा फार्मव्हिल हा शेतीचा गेम फेसबुकवर आला तेव्हा ज्यांचं फेसबुक होतं त्यांना आठवत असेल, कुणाची तरी वाट चुकलेली गाय आपल्या भिंतीवर, कुणाला शेजारी व्हायला पाहिजे, कुणाला कोठारासाठी खिळे पाहिजेत. पीक वेळेवर काढलं नाही तर वाळून जायचं, म्हणून लोक रात्रीचे उठून बघायचे. २०१० च्या सुरुवातीला महिन्याला ८ कोटींच्या वर लोक तो खेळत होते. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी फेसबुकनं गेमच्या नोटिफिकेशनवर कात्री चालवली. मग २०१२ मध्ये किंग कंपनीचा कँडी क्रश आला, आधी फेसबुकवर आणि वर्षाच्या शेवटी मोबाईलवर, पाच लाइफ, एक भरायला अर्धा तास, आणि पुढच्या भागाचं दार उघडायला मित्रांची तिकिटं. २८ ऑक्टोबर २०१५ ला मार्क झुकरबर्ग दिल्लीच्या आयआयटीत आले होते, लोकांनी आधीच प्रश्न पाठवून मतं द्यायची होती, आणि त्यात वर आलेला प्रश्न कुठला, तर कँडी क्रशची आमंत्रणं बंद कशी करायची. त्यांनी सांगितलं की ह्या एवढ्या मतांमुळेच टीमला कामाला लावलंय, जे गेम खेळतच नाहीत त्यांनापण आमंत्रण जाऊ देणारी जुनी सोय आहे ती सुधारतोय. एवढ्या मोठ्या कंपनीच्या मालकासमोर भारतातल्या लोकांना सगळ्यात आधी हे विचारावंसं वाटलं, ह्यावरनं त्रास केवढा होता ते समजा. आणि किंग कंपनी त्यानंतर २०१६ मध्ये ५९० कोटी डॉलरला विकली गेली. त्रासाची किंमत लोकांनी भरली, भाव कंपनीला मिळाला.

काकूंच्या गेममध्ये ह्या सगळ्याची पुढची पिढी बघायला मिळाली. लेव्हल हरायला आली, तीन गोट्या राहिल्या, की गेम संपत नाही, पाच चाली जास्तीच्या घेणार का विचारतो. ९०० नाणी. आणि नाण्यांची सगळ्यात छोटी थैली १,००० ची, ८९ रुपयांना. म्हणजे घेतली की १०० उरतात, त्या १०० चं काहीच येत नाही, पण ती उरल्यामुळे पुढच्या वेळी असं वाटतं की थोडीच कमी पडतायत. शिवाय त्या पाच चालींत जमलं नाही तर त्याच लेव्हलला दुसऱ्यांदा मागितलं की भाव वाढतो. काकूंना मी विचारलं की एक चाल किती रुपयाला पडली, त्यांनी आयुष्यभर मीटरला किती कापड, पन्ना किती, अस्तर किती हे तोंडपाठ हिशेब केलेत, ह्या बाईला कापडदुकानदार एक रुपयाला फसवू शकत नाही, आणि त्यांना सांगता आलं नाही. कारण रुपया मध्ये कुठं दिसतच नाही, नाणीच दिसतात. तिथं रुपयात लिहिलं असतं की पाच चालींचे ऐंशी रुपये, तर त्या फोन बाजूला ठेवून उठल्या असत्या, त्यांनीच तसं सांगितलं.

मग गल्ला. हा प्रकार मला फार वाईट वाटतो. तुम्ही जिंकाल तशी नाणी एका गल्ल्यात जमा होतात, गल्ला भरतो, फुगतो, हलतो, आणि फोडायचा तर १७९ रुपये. आपण कमावलेलं आपल्यालाच विकत. काकूंना प्रामाणिकपणे वाटत होतं की ती त्यांची साठवलेली नाणी आहेत आणि न फोडल्यास दोन दिवसांत बुडणार. खाली उलटं घड्याळ चालू होतंच. आणि हरल्यावर सोडून द्यायला गेलं की एक कार्टून रडतं, तुमचा सलग जिंकल्याचा बोनस जाणार म्हणून. पन्नाशीच्या बाईला एक कार्टून रडून दाखवून पैसे मागतंय.

यूपीआयचा पिन तरी प्रत्येक वेळी आडवा यायला पाहिजे होता, तो का आला नाही हे मला आधी समजेना. मग दिसलं की त्या यूपीआयनं एकदम १००-५०० चा प्ले स्टोअरचा रिचार्ज कोड घ्यायच्या, तो शिल्लक म्हणून जमा व्हायचा आणि त्यातनं खरेदी करताना बँकेचा पिन लागत नाही. प्ले स्टोअरचं स्वतःचं पडताळणीचं सेटिंग बंद होतं, फोन नवीन घेतल्यावर कुणीतरी पटपट करून दिलेला. म्हणजे पिन टाकताना जो एक क्षण माणूस थांबतो तोच गायब.

टीमबद्दल सांगितल्याशिवाय हे प्रकरण अर्धं राहील, आणि इथं माझं मत पोरापेक्षा वेगळं आहे. गेममध्ये टीम असते, काकूंच्या टीममध्ये निपाणीची एक बाई कॅप्टन होती, चिकोडीच्या, गडहिंग्लजच्या, इचलकरंजीच्या बायका, कुणी विडीकाम करणाऱ्या, एक अंगणवाडीतली. त्या आतल्या आत मराठीत बोलायच्या, इंग्रजी अक्षरात का होईना. जेवलीस काय, लाईट आली काय, नातवाचा ताप उतरला काय. काकूंचे मिस्टर मागावर होते, माग विकल्यापासून घरात दिवसभर टीव्ही, पोरगा कामाला उद्यमबागला, सून तिच्या नोकरीत. दुपारी दोन ते तीन हा एक तास काकूंचा. त्या तासात त्यांना ह्या बायका भेटायच्या. पोरगा म्हणाला डिलीट करून टाका, संपला विषय. मी म्हटलं नको. कारण आईनं चाळीस वर्षं मशीन चालवलंय, तिला एक तास काय करायचं ते तिनंच ठरवायला पाहिजे, आणि ती खेळते ह्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण त्याच टीमची गेमनं काय गत केली ते पण खरं आहे. टीमची पेटी असते, सगळ्यांनी मिळून गुण जमवायचे, कुणी आठवडाभर कमी पडलं की कॅप्टनला दिसतं, आणि टीम खाली घसरते. जत्रेच्या आधीच्या गर्दीत काकूंना खेळायला वेळ नव्हता, तर त्यांनी तो ४४९ चा पॅक घेतला, टीमला आपल्यामुळं कमी पडायला नको म्हणून. कॅप्टननं काही म्हटलंही नव्हतं. निपाणीची ती बाई स्वतः किती भरत असेल ते वेगळंच. मैत्री खरी होती, आणि तिच्यावरच मीटर लावलेला होता.

दुकानात हे बोलणं चाललं होतं तेव्हा बाकावर बसलेला एकजण म्हणाला, अहो हे सगळं बंद झालंय ना आता कायद्यानं. लोकांची ही समजूत सारखी ऐकतो म्हणून लिहितो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर बंदी घालतो, रमी, पोकर असले पैशाचे गेम. ऑनलाइन सोशल गेम त्यातनं वेगळे काढलेत, ते चालू आहेत. काकूंच्या गेममध्ये पैसे जिंकता येतच नाहीत, फक्त जातात, म्हणून तो त्या बंदीत बसत नाही. आपल्या कर्नाटकानं २०२१ मध्ये आणलेली बंदी हायकोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली होती, ती पण पैजेच्या गेमची होती. काकूंच्या प्रकरणाला जे खरं लागू पडतं ते दुसरंच आहे आणि त्याची माहिती कुणालाच नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून भलतंच करायला लावणाऱ्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत, आणि भारतात माल किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना ती लागू आहेत. त्यात खोटी घाई आहे, म्हणजे ते उलटं घड्याळ. लाज किंवा अपराधी वाटायला लावणं आहे, म्हणजे ते रडणारं कार्टून. बटणांची अशी मांडणी करणं की माणूस भलतीकडंच जाईल, ते आहे. आणि सारखं सारखं टोकत राहणं हे स्वतंत्र नाव घेऊन आहे. ती यादी मी काकूंना मराठीत सांगत गेलो तर त्या प्रत्येकाला "हे आहे की ह्यात" म्हणत होत्या. अमेरिकेत तर २०२२ मध्ये फोर्टनाइटच्या कंपनीनं, एपिक गेम्सनं, बटणांच्या असल्याच मांडणीनं नको असलेली खरेदी करायला लावल्याच्या आरोपात २४.५ कोटी डॉलर गिऱ्हाइकांना परत करायला कबूल केले होते. म्हणजे हे सिद्ध करता येतं, नुसती कुरकुर नाही.

केलं काय ते आता. सोशल खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या अॅप आणि वेबसाइटची यादी असते, तिथनं तो गेम काढला, त्यानंतर त्यांच्या नावानं काही जायचं थांबलं. नुसता गेम फोनमधनं उडवला असता तर जोडणी तशीच राहिली असती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नोटिफिकेशन बंद केलं, रात्री अडीचला "लाइफ भरल्या" म्हणून फोन वाजायचा तो गेला. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी चालू केली. बजेट लावायची पण सोय आहे तिथं, लावली, पण ते बजेट फक्त सांगतं की ओलांडलं, अडवत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. शेवटची ८९ ची खरेदी आदल्या संध्याकाळचीच होती. ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरकडेच परतावा मागता येतो, तो मागितला आणि मिळाला. बाकीच्यांसाठी गेमवाल्या कंपनीला लिहावं लागतं, लिहिलं, इंग्रजीत, नीट, खरेदीच्या क्रमांकांसकट. उत्तर आलं की नाणी वापरली गेली असल्यामुळे परतावा देता येत नाही आणि खेळत राहा. त्यावर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवू म्हटलं, तर काकू नको म्हणाल्या. घरात पैशाचं कळेल म्हणून. मी जोर केला नाही, पण मला ते बरोबर वाटलं नाही आणि मी त्यांना तसं सांगितलं. पैसे लपवायची पाळी त्यांच्यावर यावी एवढं काही त्यांनी केलेलं नाही.

गिऱ्हाइकांचं काय करायचं हा खरा अवघड भाग होता. काकू प्रत्येकीला फोन करणार म्हणत होत्या. त्याऐवजी एकच मेसेज लिहिला आम्ही, त्यांनी सांगितला, मी टाइप केला: "माझ्या नावानं गेमचे मेसेज तुम्हाला येत होते. ते गेम आपोआप पाठवत होता, मला माहीत नव्हतं. आता बंद केलंय. त्रास झाला त्याबद्दल क्षमा असावी. जत्रेचे ब्लाऊज वेळेवर मिळतील." शेवटचं वाक्य त्यांचं, मी सुचवलेलं नाही. त्यावर बऱ्याच जणींची उत्तरं आली, काहींनी तर लिहिलं की आमच्या सासूबाईंच्या फोनवर पण हेच चाललंय, कसं बंद केलंत. दोघी ब्लॉक करून गेल्या होत्या, त्यांना मेसेज पोचलाच नसणार. त्यातली एक लग्नाचं काम घेऊन यायची, वर्षाला आठ-दहा हजारांचं काम, ती आता दुसरीकडे देते असं कुणीतरी सांगितलं. काकूंनी तिच्या घरी जायचं ठरवलंय, जत्रा झाली की.

एक गोष्ट त्यांनी बोलता बोलता सांगितली ती कंपनीवाल्यांनी ऐकायला पाहिजे होती. म्हणाल्या, "सुरवातीलाच तीनशे रुपये घ्या आणि गप खेळू द्या म्हटले असते तर दिले असते की मी." मला वाटतं दिले असते. सिनेमाला देतात, जत्रेत पाळण्याला देतात. हे गेम बनवायला पण माणसं लागतात, त्यांना पगार लागतो, फुकट कुणी काही करत नाही हे काकूंना कळतं, त्या स्वतः शिलाईचे पैसे घेतात. फुकट म्हणून बोलवायचं आणि मग बोलावलेल्या माणसाचे नातेवाईक, गिऱ्हाईकं, मैत्रिणी हेच कच्चा माल धरायचे, माझा राग त्याच्यावर आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईचा मोबाईल म्हणजे तिचं दुकान. त्यातली माणसं तिनं एकेक टाका नीट घालून जमवलीत.

ज्यांना अशा रिक्वेस्ट येतात त्यांना पण सांगायचंय. पाठवणाऱ्या माणसावर चिडण्याआधी एक फोन करा. बहुतेक वेळा त्याला पत्ताच नसतो. आणि खात्याच्या सेटिंगमध्ये तो गेमच ब्लॉक करता येतो, माणसाला ब्लॉक करायची गरज नसते. टिळकवाडीच्या त्या पहिल्या बाईंनी निदान मेसेज करून सांगितलं, म्हणून काकूंना कळलं तरी. ज्या न बोलता गेल्या त्यांचं काम गेलं ते गेलंच.

टीम काकूंनी सोडली, आणि ते मला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं त्यांना. सोडायच्या आधी कॅप्टनचा नंबर मागून घेतला, आता त्या पाच-सहाजणींचा व्हॉट्सअपवर वेगळा ग्रुप आहे, त्यात गेमचं काही नाही. गोट्या जुळवायचा दुसरा एक साधा गेम मी त्यांना शोधून दिला, जो डाटा बंद ठेवून चालतो, खात्याला जोडा म्हणत नाही, हरलं की हरलं, परत खेळा. डाटा बंद असला की जाहिराती पण येत नाहीत. काकूंचं म्हणणं ह्यात तेवढी मजा नाही, लेव्हल लवकर संपतात. खरं आहे ते. त्यांना पहिलाच गेम आवडतो अजून, त्याचे रंग, त्याचा आवाज, आणि तो त्यांनी अजून काढलेला नाही, खात्याशी तोडलेला, पडताळणी लावलेला असा ठेवलाय. मित्रांचं दार लागलं की तीन दिवस थांबतात. इचलकरंजीच्या बाईंचा फोन आला होता मला, काकूंनीच नंबर दिला, त्यांच्या यादीत काकूंपेक्षा मोठा आकडा आहे आणि शेवटची खरेदी परवाची. त्यांना व्हिडिओ कॉलवर सेटिंग दाखवायचं ठरलंय उद्या, दुपारी दोननंतर, त्यांचा माग बंद झाला की.